मावशींचा मळका स्पंज

पनवेलच्या मासळीबाजारात मी ज्या मावशींकडून बोंबील घेते, त्या प्रत्येक वाक्यानंतर गिऱ्हाइकाला "कलला का?" असं विचारतात. गिऱ्हाईक "कळलं" म्हणेपर्यंत त्यांची सुरी थांबलेली असते.

आमच्या नव्या फिशटँकमधले सहाही मासे चार दिवसांत मेले, हे सांगितलं तेव्हाही सुरी थांबली.

"नलाचं पानी तसंच वतलंस? आनि सगले एकदम सोरलेस?"

मी होकारार्थी मान हलवली. उरणला त्यांच्या घरी कितीतरी वर्षांपासून टँक आहे, हे मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी बाजार उरकून त्या थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. पिशवीभर पाण्यात त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज होता. मी तो नळाखाली धुवायला निघाले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"धू नको, बाय. यो मल नाय, यात बारीक जीव हायेत, त्यांच्यानंच पानी साफ रातं. कलला का?"

"कळलं," मी म्हणाले.

स्पंज आमच्या फिल्टरमध्ये बसवून त्यांनी मला फक्त दोन माशांची परवानगी दिली. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवून शिळं करायचं, खाणं चिमूटभरच.

पंधरा दिवसांनी बाजारात शिरताना मी लांबूनच दोन बोटं वर केली. मावशी हातातल्या पापलेटासकट उठल्या आणि शेजारणींना ओरडून म्हणाल्या, "हिचं मासं जगलं, दोनी!"

अख्खी रांग हसायला लागली. मीही हसत सुटले, बोटं तशीच वर धरून.