भिमाजी पैलवानाचं शवासन

मी छबूबाई, चिंचवडगावातली. भिमाजी माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणायचं ते वयानं, अंगानं न्हाई. दारातनं आत यायचं तर गड्याला तिरकं व्हावं लागायचं. पंचक्रोशीतले पैलवान त्याला दबकून असायचे आन हा घरात मला दबकून असायचा. कारण साधं, भाकरी माझ्या हातात व्हती. मी लगीन होऊन परत माहेरी आलेली. सासरचं काय झालं ते विचारू नका, तोंड खराब होतं माझं. ही गोष्ट माझी न्हाईच, त्याची हाय.

चाकणच्या जत्रेत अर्जुनरावानं त्याला पाडलं. हा अर्जुनराव चाकणच्या कांदा बाजारात गोण्या उचलायचा, हात म्हणजे नुसते वासे. कुस्ती रंगात आली आन भिमाजीचा गुडघा फिरला. पाठ मातीला लागली. हलगी वाजली, फेटे उडाले, सगळं चाकण नाचलं, आन आमच्या गावची माणसं माना खाली घालून बैलगाडीत बसली. पुढं गुडघा चालण्यापुरता सुधारला, पण कुस्ती सुटली ती सुटलीच.

पैलवानाला पाठ टेकणं म्हणजे काय, ते तुमाआमाला कळायचं न्हाई. हाड मोडलं तर तो हसंल, पण पाठ टेकली तर जेवायचा न्हाई. त्या दिवसापासनं हा पठ्ठ्या उताणा म्हणून झोपलाच न्हाई. उन्हाळ्यात सगळे अंगणात हातपाय पसरून पडायचे, हा आपला भिंतीकडं तोंड करून कुशीवर.

"आरं, इथं कोण बघतंय तुझी पाठ? ढेकणं?" मी म्हणायची.

तो भिंतीला आणखीच चिकटायचा. मला राग यायचा आन रडूही यायचं. एवढा हसरा गडी, पार मुका झाला व्हता.

त्याला बोलता केला तो नानासाहेब वैद्यांनी. नदीच्या घाटाकडं त्यांचं घर व्हतं. आयुर्वेदाचं औषध देत आन त्याच्या जोडीला आसनंही शिकवत. गुडघ्याला तेल चोळून घ्यायला म्हणून हा गेला, आन गुडघा हलका झाल्यावर तिथंच चिकटला. एक दिवस म्हणाला, "नानासाहेब, मला योगाचा शिक्षक व्हायचंय."

नानासाहेब म्हणाले, "शिकशील तू. शिकवता येईल का, ते मागाहून बघू."

मग काय विचारता! उजाडायच्या आत नदीवर अंघोळ, मग आसनं, मग वैद्यांच्या खलात औषधं कुटायची, दुपारी आजाऱ्यांना तेल लावायचं आन संध्याकाळी वात-पित्त-कफाचं पाठांतर. दूध-बदाम बंद झालं, मुगाचं कढण आलं. माझी म्हैस खूश झाली असंल, मी न्हाई झाले. मुगाचं कढण ढवळून ढवळून हात दुखला माझा. वर हा ज्याची त्याची प्रकृती ठरवत गावभर हिंडायचा. पाटील कफाचे, पोस्टमन वाताचा, आमची म्हैस तर शुद्ध कफाची. एकदा मला म्हणतो, "आक्का, तुझी प्रकृती पित्ताची हाय."

"व्हय रं? कुणामुळं झाली ते बी वैद्याला विचारून ये," मी म्हणाले. किती दिवसांनी खदखदून हसला तेव्हा.

त्याला सगळ्यात जड गेलं ते एकच, मधेच थांबायचं. नानासाहेब सांगायचे, व्यायाम अर्ध्या ताकदीनं करावा. कपाळावर घाम आला, तोंड कोरडं पडलं की पुरे. आता तालमीत वाढलेल्या माणसाला हे कसं पटावं? तिथं घामानं माती भिजेपर्यंत कुणी हलत न्हाई. पण हळूहळू तेही त्याच्या अंगवळणी पडलं.

तेवढ्यात पिंपरीला नवा कारखाना झाला, कामगारांची वसाहत झाली. तिथल्या मंडळींनी नानासाहेबांकडं सकाळी आसनं शिकवणारा माणूस मागितला. पगारी काम! भिमाजीचे डोळे लकाकले. नाहीतर मामानं मुंबईला गोदीवर रखवालदाराची जागा बघून ठेवलीच व्हती. तो मुंबईला गेला असता तर ह्या घरात मी आन म्हैस, दोघीच उरलो असतो.

नानासाहेब म्हणाले, "एक आजारी माणूस तुझ्या हाती देतो. त्याला चार लोकांसमोर नीट शिकवून दाखव. मगच तुझं नाव सांगीन. आणि एक लक्षात ठेव, तुझं शवासन अजून कच्चं आहे."

कच्चं कसलं, नव्हतंच ते. शवासन म्हणजे उताणं पडून सगळं अंग सैल सोडायचं. लेकराला जमंल असं आसन. पण आमचा गडी डोक्यावर उभा राहायचा, मोरासारखा दोन हातांवर तोलायचा, आन शवासन आलं की कुशीवर वळायचा.

आता आजारी माणूस कोण यावा? अर्जुनराव! कांद्याच्या गोण्या उचलून उचलून त्याची कंबर धरली व्हती. चिंचवडला मावशीकडं राहून वैद्यांचं औषध घ्यायला आला, तो विळ्यासारखा वाकून. त्याला बघून भिमाजी दारातच थिजला. मला तर मनातनं बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! भोग म्हणावं आता.

नानासाहेब शांतपणे म्हणाले, "हाच तुझा माणूस."

सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसता तमाशा. हा म्हणायचा, "दुखतंय का?" तो म्हणायचा, "छे!" हा म्हणायचा, "आणखी वाकता येतंय?" तो म्हणायचा, "तू म्हणशील तेवढं!" पैलवान पैलवानापुढं 'पुरे' म्हणंल व्हय? दुसऱ्या दिवशी अर्जुनरावाला मावशीनं धरून आणलं. नानासाहेब भडकले, "हा आखाडा आहे का रे? तो बोलणार नाही. त्याचं कपाळ बघ, श्वास बघ!"

मग भिमाजी बघायला लागला. घामाचा थेंब दिसला की थांबवायचा. सकाळी कोमट तिळाचं तेल स्वतः त्याच्या कंबरेला जिरवायचा. गड्याची कंबर सुटायला लागली. पण शवासनाला दोघंही कुशीवर, एकमेकांकडं पाठ करून. भांडलेले नवरा-बायको बरे! नानासाहेब कपाळावर हात मारून आत जायचे.

परीक्षेच्या दिवशी घाटावर सतरंज्या अंथरल्या. वसाहतीतनं मंडळी आली. आन चाकणची माणसं! अर्जुनराव आन भिमाजी पुन्हा समोरासमोर येणार, एवढीच बातमी तिकडं पोचली व्हती. कांद्याच्या ट्रकात बसून आली, फेटे बांधून, हलगी घेऊन. योग हाय म्हटल्यावर तोंडं उतरली, पण परत कोण जातंय, बसली.

भिमाजीनं झकास शिकवलं. पोटात अन्न असताना आसन का करू नये, वात कंबरेत कसा धरतो, सगळं सोप्या बोलीत सांगितलं. वसाहतीतले लोक मान डोलवायला लागले. मला वाटलं, जमलं!

शेवटी तो म्हणाला, "आता शवासन. अर्जुनराव, उताणं व्हा."

अर्जुनराव बसल्या जागी ताठ झाला. समोर सगळं चाकण. खालच्या आवाजात म्हणाला, "हितं? तुझ्यासमोर? जमायचं न्हाई, भिमाजी. दुसरं काय पण सांग."

"कंबरेला लागतंय ते. त्याबिगर समदं वाया."

"न्हाई म्हणजे न्हाई."

नानासाहेब भिमाजीकडं बघत व्हते. आता हा काय करणार? जोर करून त्याला आडवा केला तर आखाडा झाला, सोडून दिला तर मुंबईची गोदी.

भिमाजी सतरंजीवर बसला. एकदा चाकणच्या फेट्यांकडं बघितलं. आन हळूहळू मागं गेला आन त्यानं पाठ टेकवली. सबंध पाठ, खांद्यापासनं कंबरेपर्यंत.

"चितपट!" चाकणातनं कुणीतरी ओरडलं. एकच हशा पिकला. एका मेल्यानं हलगीवर थाप सुद्धा मारली. माझं डोकं फिरलं. पदर खोचून मी उभी राहिले, "कुणाला हसताय रं मुडद्यांनो? या इकडं, दात दाखवा मला!" हलगीवाला हलगी पोटाशी धरून खाली बसला.

भिमाजी हलला न्हाई. डोळे मिटलेले. त्याच लयीत बोलत राहिला, "पायाची बोटं सोडा. मांड्या सोडा. कंबर जमिनीला देऊन टाका. जमीन आपल्याला धरती, आपण धरायचं न्हाई." आवाज इतका मऊ, की मला वाटलं हा आपला भिमाजीच न्हाई. छाती संथ वर-खाली होत व्हती. माझा भाऊ किती दिवसांनी उताणा पडला व्हता! रडू कोसळलं मला, चारचौघांत.

अर्जुनराव त्याच्याकडं बघत राहिला. मग कण्हत कण्हत तोही आडवा झाला. भिमाजी उठला, घोंगडीची वळकटी करून त्याच्या गुडघ्याखाली सरकवली आन उशाशी मांडी घालून बसला. चाकणकरांनी हार मानल्यागत एकेक करून फेटे काढले. अर्जुनरावाची मूठ सुटली, कपाळावरची आठी गेली. थोड्या वेळानं तर घोरायलाच लागला. नानासाहेबांना हसू आवरंना.

बऱ्याच वेळानं अर्जुनरावाला जाग आली. तसाच पडून, डोळे मिटूनच त्यानं विचारलं, "उठू का, वस्ताद?"

वस्ताद! पैलवान हा शब्द आपल्या गुरूला देतो, जन्मात दुसऱ्या कुणाला न्हाई. सवयीनं भिमाजीनं नानासाहेबांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" नानासाहेब म्हणाले. "त्यानं तुला विचारलंय."

भिमाजीनं अर्जुनरावाच्या कपाळावर हात ठेवला.

"न्हाई," तो म्हणाला, "पडून ऱ्हावा अजून थोडं."