होणाऱ्या जावयाचं रक्त

आमच्या मुलुंडच्या इमारतीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न जवळजवळ ठरलं आणि एका गुणसूत्रावर अडलं. मुलगा घाटकोपरचा, ड्राफ्ट्समन. दोघांची पसंती झाली होती. पण त्याच्या वडिलांनी मरोळच्या एका कारखान्यातून तांब्याची तार चोरली होती आणि दीड वर्ष तुरुंगात काढलं होतं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. हे त्याच्या आईनेच पहिल्या भेटीत सांगितलं.

माझे मेव्हणे ट्रॉम्बेला अणुकेंद्रात कारकून. ट्रॉम्बेला नोकरी म्हणजे शास्त्रज्ञच, असं आमच्या नातेवाइकांनी ठरवून टाकलेलं; ताप आला तरी त्यांना विचारायचे. त्यांनी कुठल्याशा साप्ताहिकात वाचलं होतं की काही गुन्हेगारांत एक गुणसूत्र जास्त असतं. काहींत. मग बाकीच्यांनी चोऱ्या कशाने केल्या, ते साप्ताहिकात छापलं नव्हतं.

"चोरी रक्तात उतरते, भावोजी. मुलाचं रक्त तपासा. नाहीतर मामा म्हणून मी तिला बोहल्यावर आणणार नाही."

बायको रडायला लागली.

"आपल्या दोन्ही घरांत मिळून पुरुष अकरा," मी म्हणालो. "एकाने गावचा बांध सरकवला. एकाने वारलेल्या आईचं नाव रेशनकार्डावर सात वर्षं ठेवून साखर उचलली. तो तुम्ही. अकरात दोन झाले. कोणाचं रक्त तपासू?"

"ते वेगळं! ती साखर होती."

"आणि ती तार होती."

"तुम्हाला सायन्स कळत नाही."

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मामा, नका आणू. मला चालता येतं ना."

दुसऱ्याच दिवशी मी होकार द्यायला एकटा घाटकोपरला गेलो. मुलाच्या आईने चहा ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "रक्त द्यायला उपाशीपोटी यायचं का हो? त्याने मंगळवारची अर्धी रजा टाकलीय."

मेव्हणे माझ्याआधीच तिथे जाऊन आले होते! माझे कान तापले.

"तपासणी नाही. मी तारीख ठरवायला आलोय."

"करून घ्या ना. आम्हाला सवय आहे. नोकरीला लागतानाही त्याला पोलिसांचा दाखला दोनदा आणायला लावला होता."

मी तीन वेळा नाही म्हणालो. चौथ्यांदा जरा ओरडलोच, तेव्हा कुठे त्यांनी पंचांग काढलं.