रंभाबाईची नाव

रंभाबाई दिघोरेनं बावीस वर्षं पवनीच्या घाटावरून माणसं पैलतीरी नेली. नवऱ्याचा हात लकव्यानं गेला तेव्हा वल्हं तिनं उचललं. बाईच्या नावेत बसायला नाकं मुरडणारेसुद्धा पुढे तिलाच हाका मारू लागले. मग पूल झाला आणि उतारू संपले. तरी सासऱ्यानं सागवानाच्या फळ्या जोडून केलेली ती नाव रंभाबाई रोज पाण्यात फिरवून आणायची.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. लुगड्यांचे व्यापारी आनंदराव यांनी आणखी सात हौशी माणसं जमवून 'जुनी नाव मंडळ' काढलं. जुन्या लाकडी नावा सरपणात जाऊ द्यायच्या नाहीत, असं ठरलं. पहिली मागणी रंभाबाईकडे आली.

"देतो," ती म्हणाली, "पण तिले पाण्यातच ठेवा, आनंदरावजी. कोरडी पडली का तडकते."

"तुमी काळजीच नोका करू."

लेकीच्या बाळंतपणाला ती आसगावला गेली, ती दीड महिन्यानं परतली. पाहते तर नाव चौकात, विटांच्या ओट्यावर. अंगाला निळा ऑइलपेंट, पोटात क्रोटनच्या कुंड्या. तिनं वाकून खाली पाहिलं. बुडाला अंगठा जाईल एवढी तीन भोकं.

संध्याकाळी आनंदरावांच्या दुकानात मंडळाची बैठक चालू होती. रंभाबाई चपलांसकट आत शिरली.

"बुडाले भोकं कोणं पाडले?"

"पाणी साचून कुंड्यांतले झाडं सडत होते ना, बाई," आनंदराव चाचरले.

"मंग तुमच्या रेशमी लुगड्याले कैची मारू का मी? हवा खेळंल!"

भय्याजी नावाचे सभासद हसले. "नाव आता मंडळाची आहे. बायांले कायदे कुठं समजते?"

तिनं त्यांच्या पुढ्यातलं सभासदांचं रजिस्टर उचललं आणि रस्त्यावर भिरकावलं. "जपाले देली होती, माराले नाही!"

दुसऱ्या दिवशी ढिवर मोहल्ल्यातल्या आठ मासेमारांनी नाव खांद्यावर घेतली. त्याआधी रंभाबाईनं एकेक कुंडी स्वतः ओट्यावर आपटली. कुणी आडवं आलं नाही. अकरा दिवस ती घाटावर रंग खरवडत होती. भोकांत सागवानी खुंट्या ठोकल्या, भेगांत अंबाडीचा धागा नि राळ भरली. हळहळ करायला येणाऱ्यांना तिनं हाकलून लावलं.

बाराव्या दिवशी नाव पाण्यात गेली आणि झिरपू लागली. आनंदराव एकटेच आले होते.

"चुकलो मी, रंभाबाई."

"चुकलो मनून पाणी थांबते का? बसा अंदर. उपसा!"

पांढऱ्या धोतरात आनंदराव डब्यानं पाणी उपसत बसले. ती वल्हवत होती आणि बोलत होती, सासऱ्यापासून आजवरचं सगळं. लाकूड फुगलं, दुपारनंतर झिरपणं कमी झालं, तिचं बोलणं काही कमी झालं नाही.

मंडळाचा पहिला नियम त्याच आठवड्यात लिहिला गेला: नाव पाण्यातच राहील. भय्याजींनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी रजिस्टरात आठवं नाव रंभाबाईचं लागलं, पण तिनं कुणाला माफ केलं नाही. पुढच्या हिवाळ्यात नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावाहून दुसरी नाव आणली. मंडळाचे सहा प्रतिष्ठित गुडघाभर चिखलात ती ओढत होते आणि रंभाबाई काठावरून ओरडत होती, "कड्याले धरू नोका! कितीदा सांगू? बुडाले हात लावा, बुडाले!"