मामांच्या हाताची कडी

आमचे मामा चौतीस वर्षं कागदाच्या एका गोदामावर पहारेकरी होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी मागे एकही दार उघडं टाकलं नाही. दार लावायची त्यांची ठरलेली रीत होती. उंबऱ्यात उभं राहून "आत कोण आहे?" असं खणखणीत विचारायचं, दहा आकडे मोजायचे आणि मगच कडी. तिची मूठ खाली वळवून वर तळहाताने दोन थापा. निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, पण हात काही सुटले नाहीत. ज्या दारातून मामा बाहेर पडतील, त्याला कडी लागणारच. बोलता बोलता, शिंकता शिंकता, कशीही.

घरी मात्र आधी विचारायची पद्धत नव्हती. घरात हाका मारण्याचं खातं मामीकडे होतं. त्यामुळे मामी आजवर सात वेळा बाथरूममध्ये कोंडली गेली आहे. "मी आता आत जातानाच वाचायला काहीतरी नेते," असं ती पाहुण्यांना अभिमानाने सांगते.

तर या दोघांना घेऊन मी एका जुन्या शहरात गेलो. सकाळी वेस पाहिली, घड्याळाचा मनोरा पाहिला. मनोऱ्यावर मामा चढले नाहीत. गोदामाबाहेरच्या जवळजवळ सगळ्याच गोष्टींची त्यांना भीती वाटते: उंचीची, कुत्र्यांची, अंधाराची. पहारेकऱ्याला अंधाराची भीती कशी, असं विचारलं तर म्हणतात, "अरे, म्हणूनच तर मी रात्रभर जागा राहायचो!"

मामीला दमा आहे. तिचा पंप मामांच्या खिशात असतो, कारण तिच्या पर्समध्ये गेलेली वस्तू पुन्हा दिसत नाही असं मामांचं मत.

दुपारी राजवाडा पाहिला. शेवटी तळघर होतं: सव्वीस पायऱ्या, एक मिणमिणता दिवा आणि धान्याच्या रिकाम्या कोठ्यांची रांग. वर कुठेतरी काहीतरी फडफडलं आणि मामांनी माझी बाही धरली. "बघून झालं. चला." मी फोटो काढायला पुढे वर आलो. पाठोपाठ मामा आले, घामाघूम.

बागेत आल्यावर मी विचारलं, "मामी कुठंय?"

"तुझ्याबरोबर वर आली ना?"

"मला वाटलं, तुमच्याबरोबर आहे."

आधी आम्ही हसलो. मामी दुकानात शिरली असणार, दुसरं काय! मग आम्ही दुकान पाहिलं. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून मामांनी एवढ्या जोरात हाक मारली की आतून तीन अनोळखी बायका घाबरून बाहेर आल्या. तिकिटाच्या खिडकीवर विचारलं, कारंजाभोवती दोन फेऱ्या मारल्या. फोन केला, तर तो माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत वाजला.

मग मामांनी खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. पंप बाहेर काढून ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. मला तेव्हा त्यांची थट्टा सुचली नाही, यावरून काय ते समजा.

"जिने चढलीय ती आज," मामा म्हणाले. "धाप लागली तर? अनोळखी माणसाला काय सांगेल? बोलताच येत नाही रे तिला तेव्हा."

पाच वाजता वाडा बंद होणार होता. पाऊण तास होऊन गेला होता. आम्ही अख्खा वाडा पालथा घातला. दालनात, गॅलरीत, गच्चीच्या जिन्यावर; ज्या जिन्याकडे मामांनी सकाळी बघितलंही नसतं, तो ते दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. तळघराच्या दारावरून तर दोनदा गेलो. दाराला बाहेरून कडी होती. आत कोण असणार?

शेवटी वाड्याचा रखवालदार चाव्यांचा जुडगा घेऊन आमच्याबरोबर निघाला. तळघरापाशी येताच थांबला.

"हे कोणी लावलं? हे दार दिवसभर उघडंच असतं."

मी कडीकडे पाहिलं. मूठ खाली वळवलेली होती. मामांनी पाहिली आणि मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"मी विचारलं नाही," ते पुटपुटले. "भीती वाटली म्हणून धावत वर आलो. विचारलंच नाही रे, आत कोण आहे म्हणून."

ते कडीशी झोंबायला लागले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कडी निघेना. रखवालदाराने त्यांना बाजूला सारून ती ओढली.

"अगं!" मामांनी अंधारात हाक मारली. उत्तर नाही. दिवाही गेला होता. अंधाराला भिणारे माझे मामा माझ्या मोबाईलच्या उजेडाची वाट न बघता सव्वीसच्या सव्वीस पायऱ्या उतरून गेले.

मामी खालच्या पायरीवर बसली होती. हात गुडघ्यांवर, मान खाली, छातीतून बारीक शिटी वाजत होती. चपलेचा पट्टा नीट करायला ती कोठीमागे टेकली होती. कडीचा आवाज तिने ऐकला. चार वेळा दार बडवलं, पण दार वीतभर जाड. मग तिने ओरडणं थांबवलं आणि खाली दिव्यापाशी येऊन बसली, कारण श्वास पुरवून वापरायचा होता. मामांनी पंप तिच्या तोंडाशी धरला. एकदा, दोनदा. दहा आकडे मोजण्याइतकाच वेळ गेला, पण ते फार मोठे आकडे होते.

हळूहळू शिटी कमी झाली. मामीने डोळे उघडून मामांकडे पाहिलं.

"आठवी वेळ," ती म्हणाली. "आणि आज वाचायला काही नव्हतं."

मामा लहान मुलासारखे रडले. मामीने त्यांना रडू दिलं, पंप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

वर आल्यावर रखवालदार पुढे जाता जाता सहज म्हणाला, "काका, तेवढं दार ओढून घ्या."

मामांनी दोन्ही हात पाठीमागे धरले. उंबऱ्यात उभं राहून, मामी शेजारी उभी असतानाही, त्यांनी आत विचारलं, "आत कोण आहे?" आकडे मोजले. दहावर थांबले नाहीत.

"अहो, चला की," मामी म्हणाली. "बत्तीस झाले."

"तू लाव," मामा म्हणाले.