मंडळाच्या टेबलावर घरची भाकरी

कावेरीअक्का रागावली की आवाज चढवत नाही. पदर खोचते आणि एरवी ज्याला अरे-तुरे करते त्याला 'अहो' म्हणू लागते. तिने 'अहो' म्हटलं की वसतिगृहातल्या मुली मुकाट्याने खोलीत जातात. शहरातल्या बसवनगुडी भागातल्या या विद्यापीठाच्या वसतिगृहाची ती कैक वर्षांपासून वॉर्डन आहे आणि तिथल्याच दोन खोल्यांत राहते. गाव चिकोडीकडचं. लग्न केलं नाही. अथणी, रायबागहून शिकायला आलेल्या मुली हाच तिचा संसार. मी शेजारच्या गल्लीत राहते, त्यामुळे तो राग मला जवळून माहीत आहे.

मागच्या वर्षी हा राग विद्यापीठाच्या नियामक मंडळावर वळला. मंडळाला वसतिगृहाची इमारत एका कंपनीला भाड्याने द्यायची होती आणि मुलींना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटांत हलवायचं होतं. वर्ग मात्र बसवनगुडीतच. त्या रस्त्यावरची वाहनांची कोंडी ज्याने पाहिलीय त्याला जास्त सांगायला नको. रोज इतकं अंतर बसमधून जायचं म्हटल्यावर गावाकडचे बाप मुलींना परत बोलावतील आणि लग्नं उरकून टाकतील, हे अक्काला स्पष्ट दिसत होतं.

मंडळावर कर्मचाऱ्यांची एक जागा असते. ती कुणालाच नको असायची. अक्काने ती मागून घेतली.

पहिल्या बैठकीला दारातच अध्यक्ष गुरुराज उभे होते. मूळचे धारवाडचे, मराठी बऱ्यापैकी बोलणारे. शेजारी वित्त अधिकारी शार्दूल, नुकताच पुण्याहून आलेला.

"काकू, आधी ब्रेकफास्ट, मग मीटिंग. केसरीभात एकदम मस्त आहे," शार्दूल म्हणाला.

"अहो साहेब, मी तुमची काकू न्हवं. आणि तुमच्यातलं पाणीसुद्धा मला नको."

"अक्का, स्वल्प खा की," गुरुराज म्हणाले. "रिकाम्या पोटी राग चढतो."

"माझा राग पोटातनं न्हाई आलेला, अध्यक्ष. तुमच्या डोक्यातनं आलाय."

आमच्या सीमाभागात रीतच आहे तशी. ज्याच्याशी भांडण मांडलं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. भांडण मिटलं की आधी गूळ, मग पाणी. म्हणून अक्का सरळ सभागृहात जाऊन बसली. काय बोलायचं ते मनाशी घोकत राहिली. पलीकडच्या खोलीतून चमच्यांचे आणि हसण्याचे आवाज येत होते.

मंडळी हात पुसत आली. शार्दूलने भराभर विषय वाचले. गुरुराज कानडीत विचारत, "सरी?", म्हणजे ठीक ना, आणि सगळे म्हणत, "सरी, सरी." वसतिगृहाचा विषय आला तशी अक्का उठली.

"त्यावर बोलणं झालंय," गुरुराज म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. खाताना. तुम्हाला बोलावलं होतं की!"

कुणीतरी हसलं. इमारत भाड्याने द्यायचं ठरलं होतं. कराराला मंजुरी तेवढी पुढच्या बैठकीत द्यायची राहिली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली, पण बसली नाही. "मी रीत पाळत बसले, आणि त्यांनी चटणी चाटता चाटता पोरींचं घर भाड्याला लावलं."

"मग पुढच्या वेळी त्यांच्यात बसून खा."

"भांडण मिटलंय काय?" असं म्हणून ती पदर खोचून निघून गेली.

पुढच्या बैठकीला ती सगळ्यांच्या आधी पोहोचली. सभागृहात नाही, न्याहारीच्या खोलीत. अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि पिशवीतून ज्वारीची भाकरी, खर्डा आणि पाण्याची बाटली काढून टेबलावर मांडली.

"हं. आता बोला."

"इथे बाहेरचं फूड अलाउड नाहीये हो," शार्दूल म्हणाला.

"बाहेरचं तुमचं. माझं घरचंच आहे."

गुरुराजांनी वसतिगृहाचं नाव काढलं की अक्का हातातला घास खाली ठेवी आणि एकेकाला नावाने विचारी, "तुमची लेक शिकते कुठं? झोपते कुठं?" खर्ड्याच्या वासात इडल्या गार होत गेल्या. शेवटी गुरुराजांनी बशी बाजूला सारली.

"तुम्ही आमच्या शत्रू आहात, अक्का."

"व्हय की. म्हणून तर माझी भाकरी आणलीय."

नंतर सभागृहात गुरुराजांनी "सरी?" विचारलं, तेव्हा जो तो समोरचे कागद चाळू लागला. विषय पुढे ढकलला गेला.

मंडळानेही सूड उगवला. वसतिगृहाच्या नळदुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून कळवलं. अक्काची रजा नाकारली. आणि काटकसर म्हणून बैठकीची न्याहारीच बंद केली. ही काटकसर कुणासाठी, ते शिपायालाही कळत होतं. पण न्याहारी गेली तशी खाता खाता ठरवण्याची सोयही गेली. आता जे बोलायचं ते सभागृहात, आणि तिथे प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या नावानिशी लिहिलं जातं. करार चांगला आहे, असं आपल्या नावावर लिहून घ्यायला अजून कुणी तयार नाही. मुली बसवनगुडीतच आहेत. नळ गळतायत.

दिवाळीत अध्यक्षांच्या ऑफिसातून सगळ्या कर्मचाऱ्यांना मिठाईचे डबे आले. अक्काने तिचा डबा न उघडताच ड्रायव्हरच्या हाती परत दिला.

"साहेबांना सांग, मुली इथंच राहणार हे एकदा लिहून द्या म्हणावं. मग गूळ मीच घेऊन येते."