पुढे ढकललेली स्पर्धा

आमच्या छोट्या कॉलेजात सूचना फलकापाशी मुलं थांबतात ती परीक्षेचं वेळापत्रक लागलं तरच. एक मुलगी मात्र रोज थांबते. आजही ती मला स्टाफरूमच्या खिडकीतून दिसली. फलकाच्या काचेवर बोट टेकवून क्रीडा महोत्सव, रक्तदान शिबिर, स्नेहसंमेलनाच्या तालमी असं एकेक वाचत ती खालपर्यंत आली आणि वर्गात निघून गेली.

ती काय शोधते ते मला माहीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिचं एकटीचंच नाव आलं होतं. एका नावासाठी परीक्षक कशाला बोलवायचे, म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी फलकावरचा कागद काढून टाकला. तिला कळवायचं राहून गेलं. सकाळच्या एसटीने ती आली, सोबत वडील. त्यांनी हॉलच्या दाराशी चपला काढल्या आणि विचारलं, "हिचं भाषण हितंच हाय ना सर?" आत खुर्च्यासुद्धा मांडलेल्या नव्हत्या. रद्द हा शब्द माझ्या तोंडून निघेना. "पुढे ढकललंय," मी म्हणालो.

पाच मिनिटं बसून तिचं भाषण ऐकता आलं असतं. तेवढंही मला सुचलं नाही. फलकावर होणार असलेलं सगळं लागतं. जे होणारच नाही, त्याचा कागद कुणी लावत नाही.

दुपारी ती जिन्यात समोर आली. मी घाईघाईने म्हणालो, "तारीख ठरली की सांगतो हं तुला."

"असू दे सर, तुम्हाला किती कामं असतात," ती म्हणाली. "मी रोज बघतेच."