गिरणीवाल्या प्रेमसिंगचा इंग्लंड दौरा

प्रेमसिंग आडेबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे असं मला गेले काही महिने वाटत होतं. कुणीतरी म्हणजे लिहिता येणाऱ्या माणसानं. मी एकतीस वर्षं पुसेगावच्या पोस्टात होतो (लोक अजून मास्तरच म्हणतात) आणि तिथं जे लिहिलं ते बहुतेक छापील फॉर्मवरच्या रिकाम्या जागांत. पण दुसरं कुणी लिहीना, आणि जे घडलं त्यात थोडा दोष माझाही आहे. म्हणून जमेल तसं लिहितो.

प्रेमसिंगची पिठाची गिरणी आमच्या गावापासून दीडेक किलोमीटरवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात आहे. गावात दोन गिरण्या असूनही मी दळण घेऊन तिकडं जातो, कारण तो घाई करत नाही आणि पीठ जळू देत नाही. साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस. भुवया पिठानं कायम पांढऱ्या. स्वभावानं इतका खरा की लोकांना त्याचा त्रास होतो. कुणाची ज्वारी किडकी निघाली तर तो चारचौघांत सांगतो, "वहिनी, हे जनावराला घाला. माणसाला न्हाई चालत."

मागच्या दिवाळीनंतर गिरणीचा पट्टा चढवताना तो स्टुलावरून पडला आणि पाय मोडला. दोन महिने प्लास्टर. गिरणी बायकोनं चालवली आणि हा दारात बाजेवर बसून तिला सूचना देऊ लागला. तिनं तीनच दिवस ऐकून घेतलं आणि पुण्याच्या पोराला फोन केला. पोरगा, संतोष, आला. बापाच्या मोबाईलमध्ये क्रिकेटचा एक खेळ टाकून दिला आणि परत गेला.

या खेळात आपण बॅट फिरवायची नसते. आपण संघाचे मॅनेजर. खेळाडू निवडायचे, क्रम लावायचा, दौरे ठरवायचे. मॅच कॉम्प्युटर आपला आपण खेळतो आणि दहा मिनिटांत निकाल सांगतो. खेळाडूंची नावं मात्र आपल्याला घालता येतात. प्रेमसिंगला क्रिकेटवाल्यांची नावं फारशी येत नव्हती. दळणाला येणाऱ्यांची येत होती. त्यानं ती घातली.

नावापुढं गुण द्यायचे होते, वीसपैकी. इथं त्याचा खरेपणा आडवा आला. रुक्माबाईला गोलंदाजीत एकोणीस दिले. या बाईंचं वय पासष्ट, पण हरभऱ्यावर वानरं आली की त्या बांधावरून दगड मारतात आणि ज्या वानराला मारायचा त्यालाच तो लागतो. खेळानं बाई की पुरुष असं काही विचारलं नाही. जगनला धावण्यात चार दिले. "म्हैस सुटली तरी हा चालत जातो," प्रेमसिंग मला म्हणाला. पण कप्तान जगनलाच केलं, कारण लग्नात पंगत कधी बसवायची आणि कधी उठवायची हे तांड्यात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

मला त्यानं संघात घेतलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

जगन आणि प्रेमसिंग एकाच आठवड्यात जन्मलेले. शाळा दोघांनी एकाच दिवशी सोडली. गिरणी झाली तेव्हापासून जगन रोज सकाळी येऊन तेलाच्या पालथ्या डब्यावर बसतो आणि तासभर प्रेमसिंगशी भांडून शेतात जातो. दळण असलं तर आणतो, नसलं तरी येतो. गुण कळल्यावरही भांडला. "चार? काहून चार? माझ्यापेक्षा रामप्रसाद नायकाला जास्त?"

"नायकाला तीन हायेत."

"मंग बराबर हाये," जगन म्हणाला.

फेब्रुवारीत इंग्लंडचा दौरा ठरला. तीन मॅच. तांड्यात कुठलीही मोठी गोष्ट नायकाला विचारल्याशिवाय होत नाही, म्हणून प्रेमसिंग कुबडी घेऊन रामप्रसाद नायकाकडं गेला. मी सोबत होतो. मला वाटलं, नायक हसतील. ते हसले नाहीत.

"किती जण चाल्ले?"

"पंधरा."

"हे बघ प्रेमसिंग. आपले आजे-पणजे बैलांवर धान्य अन् मीठ लादून सा-सा महिने फिरायचे. त्या लदेणीचा एकच कायदा होता. संग गेला तो संग वापस आला पाहिजे. मधूनच एकट्याला सोडायचं न्हाई. ध्यानात ठेव."

"व्हय नायक," प्रेमसिंग म्हणाला, आणि दौरा निघाला.

पहिली मॅच आपण जिंकली. रुक्माबाईंनी पाच बळी घेतले. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या तेव्हा प्रेमसिंगनं बातमी सांगितली.

"कोनाला घेतलं मी?"

"त्याहिचा सलामीचा गडी व्हता काकी. लई नावाजलेला."

"लई लागलं न्हाई ना त्याला?" रुक्माबाईंनी विचारलं.

जगनची बायको शिला येऊन गेली. तिकडं थंडी फार असते म्हणे, तर आमच्या यांनी स्वेटर घातलं होतं का, असं विचारून. प्रेमसिंगनं मोबाईलमध्ये शोधलं. सगळ्यांनी घातलं होतं.

मॅच झाल्यावर खेळाडू काय म्हणतात याचं एक पान त्या खेळात येतं. ते इंग्रजीत असतं. ते वाचून सांगायचं काम माझ्याकडं आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. चारपाच माणसं माझ्या तोंडाकडं बघत आहेत असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

दुसरी मॅच आपण हरलो. कप्तान जगन दोन धावा काढून बाद. त्या दिवशी खरा जगन हळद शिजवायला शेतात गेला होता. मी पान उघडलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं की, कप्तान जगन मॅनेजरवर अतिशय चिडला आहे, चुकीचा संघ निवडल्यामुळं आपण हरलो असं त्याचं म्हणणं आहे.

प्रेमसिंग माझ्याकडं बघत होता. "काय म्हणला आमचा जगन?"

आता इथं माझ्या नोकरीची एक सवय सांगितली पाहिजे. पोस्टात असताना लोक मला पत्रं वाचायला सांगत. एखादी सासू लिही, तुमच्या पोरीला काही वळण नाही. मी तिच्या आईला वाचून दाखवी, पोरगी घरात रुळते आहे. जावई लिही, मी येणार नाही. मी वाची, सध्या रजा नाही. इतक्या वर्षांत कुणाची तक्रार आली नाही. तोंडावर कडू वाचायचं धाडस माझ्यात तेव्हाही नव्हतं.

मी म्हणालो, "जगनला घराची आठवण येते म्हणे."

प्रेमसिंग हळूच म्हणाला, "तरीच दोन रनांत गेला. शिलावहिनीला सोडून राहवत न्हाई त्याला. मले समजायला पाहिजे होतं." त्यानं नाक पुसलं, मोबाईलमध्ये इकडंतिकडं बोट फिरवलं आणि मला काही कळायच्या आत कप्तानाला विमानात बसवून घरी पाठवून दिलं. दोस्ताला बक्षीस द्यावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी बातमी तांडाभर झाली. हातपंपापासून शेताच्या वाटेपर्यंत जो तो जगनला विचारू लागला, "काय जगनदादा, इंग्लंडात रडून राहिले म्हणे?"

जगन गिरणीत आला. डब्यावर बसला नाही.

"मला एकट्याला वापस धाडलं तू?"

"अरे, तुला घराची आठवण…"

"आठवण यायला मी काय लेकरू हाये? जवानीत सा-सा महिने ऊसतोडीला गेलो, तवा एकदाबी आठवण आली न्हाई!"

"न्हाई आली?" मागून आवाज आला. शिला दळणाचा डबा घेऊन दारात उभी होती.

जगननं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा प्रेमसिंगकडं पाहिलं. "हेबी तुझ्यामुळंच," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून जगन मोटारसायकलवर दळण बांधून पुसेगावच्या गिरणीत जाऊ लागला. जाताना प्रेमसिंगच्या दारावरून जाई, आणि तिथं नेमका हॉर्न वाजवी.

प्रेमसिंगचं प्लास्टर निघालं होतं, पण माणूस जाग्यावर नव्हता. एकाच्या गव्हात दुसऱ्याची बाजरी दळली. रुक्माबाईंचं बेसन कुणा भलत्याच घरी गेलं. तिसरी मॅच उरली होती. ती जिंकली तर दौरा जिंकला. आयुष्यात काही जिंकण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती, तरी तो बटण दाबेना. पालथ्या डब्यावर कुणाला बसू देईना. आठ दिवस असे गेले. मला जेवण जाईना. खरं काय ते सांगावं असं रोज ठरवून मी तांड्याकडं निघे आणि ज्वारी दळून परत येई.

शेवटी जगननंच नायकाकडं तक्रार केली. तांड्याच्या न्यायाच्या बैठकीला नसाब म्हणतात. ती रविवारी सकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर बसली. ते लोक आपसात गोरमाटी बोलतात, पण माझ्यासाठी मराठीत चाललं. मी साक्षीदार होतो.

"काय तकलीफ हाये ते सांग," नायक म्हणाले.

"लदेणीचा कायदा मोडला," जगन म्हणाला. "संग नेलं अन् एकट्याला वापस धाडलं. वरून रडतो म्हणून बदनामी केली."

"मी चांगल्यासाठी केलं," प्रेमसिंग म्हणाला. "मास्तरनं जे वाचलं त्यावर केलं."

सगळे माझ्याकडं वळले. तोंडाकडं बघणारी माणसं या वेळी साठ-सत्तर होती आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मी उभा राहिलो. बसलो. पुन्हा उभा राहिलो.

"मी खोटं वाचलं," मी म्हणालो. "तिथं घराचं काही नव्हतं. कप्तान जगन मॅनेजरवर चिडला आहे, संघच चुकीचा निवडला, असं लिहिलं होतं. तुमचं भांडण होईल म्हणून मी बदललं."

जगनचा चेहरा हळूहळू फुलला.

"असं लिव्हलं व्हतं? चिडला म्हणून?"

"अतिशय चिडला, असं."

"बघा!" जगन सगळ्यांना म्हणाला. "मोबाईलला समजतं मी कसा हाये. अन् हा साठ वर्षांचा दोस्त, याला समजत न्हाई!"

"मले वाटलंच व्हतं," प्रेमसिंग म्हणाला. "तू अन् आठवण काढणार? पण मास्तर खोटं कसं बोलतील?"

नायकांनी हात वर केला. "चूक मास्तरची. पण बोट प्रेमसिंगचं. जगनला एकटं धाडलं ते धाडलंच. आता मानानं वापस न्यायचं. अन् तेबी एकटं न्हाई. कुणीतरी येऊन घेऊन जायचं."

प्रेमसिंगनं मोबाईल पाहिला. दौऱ्यावरचा एक खेळाडू घरी पाठवून मग दोघांना नव्यानं बोलावता येत होतं. पण कुणाला पाठवायचं?

"मी येते," रुक्माबाई म्हणाल्या. "न्हाई तरी तिकडं थंडीत बसून काय करू?"

प्रेमसिंगचा चेहरा उतरला. "काकी, तुमी न्हाई. तुमी गेल्या तर मॅच…" त्यानं जगनकडं पाहिलं. जगन आभाळाकडं बघत होता, जसं काही त्याचा याच्याशी संबंध नाही. प्रेमसिंगचा अंगठा काचेवर बराच वेळ थांबला. मग त्यानं रुक्माबाईंना घरी आणलं, आणि दोघांना जोडीनं विमानात बसवलं.

लगेच एक सूचना आली. मी ती वाचली, या वेळी शब्दन् शब्द. दोन्ही खेळाडू प्रवासानं थकले आहेत, यांना खेळवू नये असा सल्ला आहे.

"सल्ला कोन देऊन राहिला?" नायकांनी विचारलं.

"मोबाईल."

"त्याला नसाबीत बोलायचा हक्क न्हाई. चालू कर."

मॅच मंदिरासमोरच झाली. दहा मिनिटं कुणी हाललं नाही. कप्तान जगन पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद. रुक्माबाईंना एकच बळी. अकरा धावांनी हरलो. दौरा गेला.

प्रेमसिंगनं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. रुक्माबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग नायक मला म्हणाले, "मास्तर, गडी काय म्हणून राहिले ते वाचा. जसं हाये तसं."

मी पान उघडलं. जसं होतं तसं वाचलं. "कप्तान जगनच्या मते पराभवाला फक्त मॅनेजर जबाबदार आहे."

"आता बराबर वाचलं!" जगन उठला आणि सरळ प्रेमसिंगसमोर जाऊन उभा राहिला. "तीन नंबरला काहून धाडलं मला? ऑं? दमून आलेल्या माणसाला तीन नंबरला धाडतेत का?"

प्रेमसिंगनं मान वर केली. "तूच म्हणला व्हता, मी लवकर जाऊन येतो म्हणून."

"मी? मी कवा म्हणलं? मी तर तवा विमानात व्हतो!"

दोघं भांडत गिरणीकडं निघाले. प्रेमसिंग लंगडत होता आणि जगन, ज्याला धावण्यात चार गुण, त्याच्या बरोबरीनं हळू चालत होता. गिरणीपुढं सहा बाया डबे घेऊन ताटकळत होत्या. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी शिलानंच आत जाऊन गिरणी सुरू केली.